शिक्षकाचे स्वतःचे तत्त्वज्ञान : कोसबाडपासून तळवलीपर्यंत

वर्गात शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाजवळ शिक्षणाविषयीचे काही एक तत्त्वज्ञान असतेच, मग ते त्याने कधी कागदावर मांडलेले असो वा नसो. मूल कसे शिकते, त्याने काय आणि कशासाठी शिकावे, ते चुकले तर काय करावे आणि ते शिकले हे कशावरून ओळखावे, या प्रश्नांची उत्तरे गृहीत धरल्याशिवाय पाच मिनिटेही शिकवता येत नाही. फरक इतकाच की काही शिक्षक ती उत्तरे विचारपूर्वक ठरवतात आणि इतरांच्या बाबतीत ती सवयीनेच ठरून जातात. अध्यापक विद्यालयांतून रूसो, फ्रोबेल, ड्यूई, टागोर आणि गांधी यांची मते शिकवली जातात, परीक्षेत लिहिलीही जातात, परंतु पहिल्या नेमणुकीच्या शाळेत पाऊल ठेवताच ती मागे पडतात, कारण ती दुसऱ्या काळात, दुसऱ्या मुलांसोबत काम करताना घडलेली असतात. शिक्षकाचे स्वतःचे तत्त्वज्ञान म्हणजे या मोठ्या विचारांची नक्कल नव्हे आणि लहरीनुसार शिकवण्याचा परवानाही नव्हे. आपण जे करतो ते का करतो याचे स्वतःला पटलेले, समोरच्या मुलांवर तपासून पाहिलेले आणि गरज पडल्यास बदलण्याची तयारी असलेले उत्तर, असा त्याचा नेमका अर्थ आहे.

नवी मुंबईतील तळवलीसारख्या गावाचा विचार केला म्हणजे अशा उत्तराची गरज स्पष्ट होते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात, घणसोलीच्या शेजारी वसलेले हे गाव आगरी-कोळी वस्तीच्या मुलखातले. भातशेती, मिठागरे आणि ठाणे खाडीतील मासेमारी यांवर या मुलखातील गावांची गुजराण चालत असे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, नव्या शहरासाठी जमिनी संपादित झाल्या, लगतचा औद्योगिक पट्टा वाढत गेला, १९९२ मध्ये नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली आणि गावठाणांतील भाड्याच्या खोल्यांतून राज्याच्या इतर भागांतून व उत्तर भारतातून आलेली कष्टकरी कुटुंबे राहू लागली. अशा गावठाणालगतच्या मराठी शाळेत घरी आगरी बोलणारे, मराठवाड्याच्या वळणाची मराठी बोलणारे, गोरमाटी बोलणारे आणि हिंदी किंवा भोजपुरी बोलणारे मूल एकाच वर्गात बसलेले असू शकते. पाठ्यपुस्तक मात्र सर्वांसाठी एकच असते. या वर्गासाठी तयार तत्त्वज्ञान कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. ते त्या वर्गातल्या शिक्षकालाच घडवावे लागेल, आणि ते कसे घडते हे समजून घेण्यासारखे आहे.

एका वजाबाकीतील दोन भूमिका

तत्त्वज्ञान हा शब्द भारदस्त असला तरी वर्गात ते अगदी लहान निर्णयांतून दिसते आणि त्यासाठी प्राथमिक वर्गातील एक वजाबाकी पुरेशी आहे. ५२ मधून २७ वजा करताना मूल ३५ असे उत्तर लिहिते. ही चूक कोणत्याही शाळेत हटकून आढळते आणि तिच्यामागे निष्काळजीपणा नसून मुलाने स्वतः बनवलेला एक नियम असतो: एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत, म्हणून ते ७ मधून २ काढते, दशकाच्या घरात ५ मधून २ काढते, म्हणजे प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा, असे त्याने धरलेले असते. एक शिक्षक या उत्तरावर फुली मारतो, फळ्यावर हातच्याची रीत पुन्हा करून दाखवतो आणि तशीच दहा उदाहरणे सोडवायला देतो. दुसरा शिक्षक हे उत्तर कसे काढले असे मुलाला विचारतो, त्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकतो आणि मग त्याच्यापुढे दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे व दोन सुट्या काड्या ठेवून त्यांतून सत्तावीस काड्या मोजून द्यायला सांगतो. सुट्या काड्या सातांना पुरत नाहीत तेव्हा एक गठ्ठा सोडावाच लागतो, बारा सुट्यांतून सात दिल्यावर पाच उरतात, राहिलेल्या चार गठ्ठ्यांतून दोन दिल्यावर दोन उरतात आणि हातात पंचवीस काड्या राहतात. मग फळ्यावरचा हातचा मुलाला त्या सोडलेल्या गठ्ठ्याची खूण म्हणून कळतो.

या दोन शिक्षकांत एक प्रेमळ आणि दुसरा कठोर असा भेद नाही; दोघेही तितकेच कष्टाळू असू शकतात. भेद आहे तो चूक म्हणजे काय याविषयीच्या समजुतीत. पहिल्याच्या लेखी चूक म्हणजे रीतीचा विसर आणि त्यावरचा उपाय म्हणजे सराव. दुसऱ्याच्या लेखी चूक म्हणजे मुलाच्या विचाराचा पुरावा आणि त्यावरचा उपाय म्हणजे तो विचार जिथे अडखळला त्या जागी परत जाणे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की विचारले असता दोघेही आपण बालकेंद्री शिक्षण मानतो असेच सांगतील. क्रिस आर्जिरिस आणि डोनाल्ड शॉन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात व्यावसायिक माणसांविषयी हाच मुद्दा मांडला होता. माणसाजवळ एक सांगितली जाणारी भूमिका असते आणि दुसरी वापरातली भूमिका असते, ती त्याच्या कृतीतूनच ओळखता येते, आणि या दोहोंत अंतर असल्याची जाणीव त्या माणसाला पुष्कळदा नसते. स्वतःचे तत्त्वज्ञान घडवण्याच्या कामाला सुरुवात होते ती हे अंतर पाहण्यापासून.

हे अंतर पडते याला कारण आहे. बालहक्क म्हणून प्राथमिक शिक्षण देणारा २००९ चा कायदा पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान ८०० तास आणि सहावी ते आठवीसाठी किमान १००० तास अध्यापन व्हावे असे ठरवतो. म्हणजे आठवी पूर्ण करणारे मूल किमान ७००० तास शिक्षकांकडे पाहत बसलेले असते. पुढे तेच मूल शिक्षक होते तेव्हा अध्यापक विद्यालयातील दोन वर्षांपेक्षा बाकावरून पाहिलेल्या त्या तासांचा ठसा त्याच्यावर कितीतरी खोल उमटलेला असतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये याला निरीक्षणातून घडलेली उमेदवारी म्हटले: विद्यार्थ्याला शिक्षकाची कृती दिसते, पण त्या कृतीमागचा विचार दिसत नाही, त्यामुळे पुढे अनुकरण होते ते कृतीचेच. वर्ग गोंगाट करू लागला की आपोआप टेबलावर आपटणारी पट्टी किंवा पहिल्या बाकावरच्या हुशार मुलालाच वारंवार विचारला जाणारा प्रश्न ही अशीच वारशाने आलेली कृती असते, आणि तिचा कधी विचारच झालेला नसल्याने ती सहज सुटतही नाही.

कोसबाडने काय बदलले, काय राखले

बाहेरून आलेला विचार स्वतःचा कसा होतो याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातच, म्हणजे तळवलीच्याच जिल्ह्यात घडले. आज तो भाग पालघर जिल्ह्यात येतो. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे काम केले, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि १९३६ मध्ये मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले. त्यांच्या कामाचा पाया मारिया माँटेसरी यांच्या विचारांचा होता. माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममधील गरीब वस्तीत पहिले बालगृह काढले आणि लहान मूल हे स्वतःच्या हालचालीतून, इंद्रियांच्या अनुभवातून आणि स्वतः निवडलेल्या कामातून शिकते, शिक्षकाने त्याच्यासाठी योग्य परिसर उभा करावा आणि मग निरीक्षण करावे, असा विचार मांडला. त्यासाठी त्यांनी लाकडी ठोकळे, दांडे, रंगाच्या पट्ट्या अशी नेमक्या मापाची साधने तयार केली होती, आणि ती महाग होती.

१९४५ मध्ये ताराबाई बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम करण्यासाठी गेल्या आणि अनुताई वाघ (१९१०-१९९२) त्यांच्यासोबत आल्या. बालवयात विधवा झालेल्या अनुताई पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मुलखात स्थिरावले. तेथे शहरातल्या बालमंदिराची रीत चालेना. मुले शाळेत येत नव्हती, कारण कुणाला धाकटे भावंड सांभाळायचे असे, कुणाला गुरे राखायची असत आणि शाळा नावाची वस्तू त्यांच्या आईवडिलांच्या जगण्यात कुठे बसतच नव्हती. अशा वेळी पालक अडाणी आहेत, मुलांना गोडी नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. या दोघींनी उलट प्रश्न विचारला: मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे का जाऊ नये? शिक्षिका पाड्यावर जाऊ लागल्या, घरापुढच्या अंगणातच मुलांना गोळा करून त्यांना स्वच्छ करणे, गाणी, गोष्टी, खेळ आणि इंद्रियशिक्षण हे सारे तेथे सुरू झाले, आणि त्यातून अंगणवाडी हा प्रकार जन्माला आला, जे नाव पुढे १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे देशभर पोहोचले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच भरणारी कुरणशाळा निघाली. महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, खडे, पाने, फुले आणि काड्या आल्या, कारण लहान-मोठे, जड-हलके, गुळगुळीत-खरखरीत हा भेद शिकण्यासाठी लाकडी ठोकळाच हवा असे काही नाही.

या बदलाकडे बारकाईने पाहिले तर त्यात एक शिस्त दिसते. मूल स्वतःच्या कृतीतून शिकते, त्याच्यावर भीतीचे दडपण नसावे आणि शिक्षकाने आधी पाहावे, मग शिकवावे ही तत्त्वे या दोघींनी तिळमात्र सोडली नाहीत. शाळेची जागा, वेळ, साधने, गाणी आणि शिक्षिकेचे दिवसभराचे काम मात्र त्यांनी परिस्थितीप्रमाणे बदलत नेले. हेतू घट्ट धरायचा आणि साधन सैल ठेवायचे, ही त्यांची रीत होती, आणि म्हणूनच परदेशातून आलेला विचार कोसबाडला पोहोचेपर्यंत त्यांचा स्वतःचा झाला. अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे पुस्तक आजच्या शिक्षकाने वाचावे ते या दृष्टीने.

याच्या उलट घडले तर काय होते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. सातारा तालुक्यातील कुमठे बीटमध्ये (बीट म्हणजे एका शिक्षण विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील शाळांचा गट) प्राथमिक शिक्षकांनी ज्ञानरचनावादाचे प्रयोग यशस्वी केले. मूल ज्ञान आयते घेत नाही, आधीच्या अनुभवाच्या आधारे ते स्वतः रचते, असा हा विचार आहे. जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला त्या सुमारास राज्यभरातून शिक्षक हे काम पाहायला जात होते. वर्गातील फरशीवर रंगवलेले तक्ते, अक्षरांची आणि अंकांची चौकटी आखणी डोळ्यांना लगेच दिसणारी होती आणि ती पुष्कळ शाळांनी उचलली. परंतु मुलांना आपापसांत बोलू देणे, उत्तर सांगण्याची घाई न करणे आणि प्रत्येक मूल कुठे आहे हे ओळखून पुढचे काम देणे या गोष्टी रंगवता येण्याजोग्या नव्हत्या. जिथे त्या समजून घेतल्या गेल्या तिथे फरशी शिकण्याचे साधन झाली आणि जिथे नाही तिथे ती सजावट राहिली. दोष अनुकरणाचा नाही, कारण प्रत्येक शिक्षक कुणाकडून तरी शिकतोच. अनुकरण करताना 'का' हा प्रश्न विचारायचा राहून गेला की मग साधन हाती राहते आणि हेतू हरवतो.

घरचे ज्ञान आणि शाळेचे ज्ञान

हेतू घट्ट आणि साधन सैल ही कोसबाडची रीत तळवलीसारख्या गावातील वर्गाला लावली तर पहिला प्रश्न भाषेचा येतो. आगरी बोलीत 'ळ' च्या जागी 'ल' आणि 'ण' च्या जागी 'न' उच्चारला जातो, त्यामुळे मूल वहीत 'शाला' आणि 'पानी' असे लिहिते. ते त्याने ऐकलेले तंतोतंत लिहिलेले असते, म्हणजे ध्वनी आणि अक्षर यांची सांगड त्याला उत्तम जमलेली असते. शिकायचे राहिलेले असते ते एवढेच की पुस्तकाच्या भाषेत त्या जागी दुसरा ध्वनी वापरतात. हे ओळखणारा शिक्षक दोन्ही रूपे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून घरी असे बोलतात आणि पुस्तकात असे लिहितात हे दाखवतो आणि मुलाला प्रमाणभाषेत आणून सोडतो. न ओळखणारा शिक्षक लाल रेघेने मुलाच्या आईची बोलीच चुकीची ठरवतो, आणि ते मूल पुढे वर्गात तोंड उघडायला कचरते. प्रमाणभाषा दोघांनाही शिकवायचीच आहे, कारण तिच्यावाचून पुढचे शिक्षण अडते, परंतु तिच्याकडे जाणारे मार्ग वेगवेगळे आहेत.

दुसरा प्रश्न ज्ञानाचा. परिसर अभ्यासात भरती-ओहोटीचा विषय येतो तेव्हा पुस्तकातल्या व्याख्येपासून सुरुवात करता येते, तशीच ती खाडीवर जाणाऱ्या आजोबांपासूनही करता येते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती म्हणजे कमी चढणारे पाणी असते, आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे खाडीकाठची जुनी माणसे तिथीवरून सांगतात. मुलांनी घरून ही माहिती विचारून आणली, पंधरवडाभर तिथी आणि भरतीची वेळ यांचा तक्ता भरला आणि मग चंद्राच्या स्थितीशी त्याचा संबंध जोडला, तर खाडी न पाहिलेले परभणीचे किंवा जौनपूरचे मूलही त्या तक्त्यात बरोबरीने भाग घेऊ शकते. येथे घरचे ज्ञान कौतुकापुरते आणलेले नसते. ते शास्त्रापर्यंत जाण्याची पहिली पायरी असते आणि तेथून वर चढवण्याची जबाबदारी शिक्षकाचीच राहते.

शिक्षण कुणासाठी हा प्रश्न महाराष्ट्रात नवा नाही. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत आणि त्यांनी त्या मुलांच्या लोकांत मिसळून त्यांच्या गरजा जाणाव्यात, असे म्हटले होते. शिक्षक आणि मूल यांच्यातले सामाजिक अंतर हा शिकण्यातलाच अडथळा असतो, ही त्यांची दृष्टी आजही तितकीच उपयोगी आहे. शिक्षक कोणत्याही समाजातून आलेला असो, मुलांच्या घरापर्यंतचे अंतर त्याने स्वतः चालून जायला हवे.

तत्त्वज्ञान घडवण्याची रीत

हे सारे रोजच्या कामात कसे आणावे, याची काही साधी साधने आहेत आणि त्यांतले पहिले म्हणजे लेखन. शिक्षक पाठाचे टाचण लिहितातच, परंतु टाचणात काय शिकवायचे ते असते. तास संपल्यावर काय घडले याची नोंद त्यात नसते. आठवड्यातून दोन-तीन वेळा चार ओळी लिहिल्या, कोणत्या मुलाच्या कोणत्या उत्तराने आश्चर्य वाटले, कोणता प्रश्न विचारल्यावर वर्ग गप्प झाला, कोणते मूल दिवसभर एकदाही बोलले नाही, तर दिवाळीच्या सुटीपर्यंत शिक्षकाच्या हाती स्वतःच्या वापरातल्या भूमिकेचा पुरावा जमा होतो. कोल्हापुरात १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू करणाऱ्या लीला पाटील यांच्या लेखनाचे बळ याच सवयीत आहे; वर्गातल्या लहान प्रसंगांकडे त्या विचारांचा कच्चा माल म्हणून पाहत असत.

दुसरे साधन म्हणजे दुसऱ्याची नजर. अमेरिकेत काम केलेले शिक्षणतज्ज्ञ स्टीफन ब्रुकफील्ड यांनी १९९५ मध्ये शिक्षकाने स्वतःकडे चार बाजूंनी पाहावे असे सुचवले: स्वतःचा अनुभव, विद्यार्थ्यांची नजर, सहकाऱ्यांची नजर आणि अभ्यासकांचे लेखन. शेजारच्या वर्गावरील शिक्षकाला तासभर मागच्या बाकावर बसवून किती मुलांना प्रश्न विचारले गेले आणि प्रश्नानंतर उत्तरासाठी किती वेळ थांबले गेले एवढेच टिपायला सांगितले तरी पुष्कळ कळते. चौथीची मुलेही, भीती नसेल तर, आजच्या तासात काय समजले आणि कुठे सुटले हे नेमके सांगतात.

या साधनांच्या आधारे जूनमध्ये अर्धे पान लिहावे: मूल कसे शिकते असे वाटते, या वर्षी या वर्गाकडून काय व्हायला हवे, चुकीला आणि बेशिस्तीला कसे सामोरे जायचे आणि मूल शिकले हे कशावरून मानायचे. दिवाळीनंतर ते पान नोंदवहीसमोर ठेवून वाचावे आणि एप्रिलमध्ये पुन्हा लिहावे. प्रत्येक मताखाली आपल्याच वर्गातील एक तरी घटना देता यावी, ही अट पाळली तर ऐकीव वाक्ये आपोआप गळून पडतात. काही गोष्टी मात्र वैयक्तिक मताच्या कक्षेत येत नाहीत. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना २००९ च्या कायद्याचे कलम १७ मनाई करते आणि मूल भयमुक्त असावे असे कलम २९ सांगते. तसेच मोकळीक देण्याच्या नावाखाली मुलाला वाचता आणि मोजता न येणे हेही कोणत्याच तत्त्वज्ञानात बसत नाही, कारण ज्याच्या घरी शिकवणारे कुणी नाही त्या मुलाचे त्यात सर्वांत अधिक नुकसान होते.

शिक्षकांची अडचण खरी आहे. मोठा पट, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे, ऑनलाइन भरायची माहिती यांतून विचाराला वेळ कुठून काढायचा, हा प्रश्न उपदेशाने सुटत नाही. तो वेळ शाळेने आणि प्रशासनाने मोकळा करून द्यायला हवा. केंद्र पातळीवरील शिक्षण परिषदेत सूचनांच्या वाचनाऐवजी एक तास शिक्षकांनी एकमेकांच्या नोंदी ऐकण्यासाठी राखला तर त्याला निधी लागणार नाही. तरीही एवढे खरे की वेळ नसतानाही निर्णय होतच असतात. वहीवर फुली मारायची की मुलाला विचारायचे, हे त्याच क्षणी ठरते आणि ते आधी घडलेल्या विचारातून किंवा आधी जडलेल्या सवयीतून ठरते.

ताराबाई आणि अनुताई यांनी केलेले काम असामान्य होते, पण त्यांची रीत कोणत्याही शिक्षकाला साध्य आहे, कारण तिच्यात लागते ते मुलाकडे लक्षपूर्वक पाहणे, पाहिलेले लिहून ठेवणे आणि मूल शिकत नसेल तर आधी आपली पद्धत तपासणे. योजना बदलतात, शब्द बदलतात, ज्ञानरचनावाद मागे पडून अध्ययन निष्पत्ती पुढे येतात आणि उद्या आणखी काही येईल. ज्या शिक्षकाला आपण काय आणि का करतो हे ठाऊक असते तो नव्यातले उपयोगाचे घेतो, निरुपयोगी ते सकारण बाजूला ठेवतो आणि आपल्या मुलांच्या बाजूने ठामपणे बोलू शकतो. तळवलीच्या वर्गातल्या मुलांना असा शिक्षक मिळणे हा योगायोग राहू नये, तो त्यांचा हक्क मानला जावा.